नागपूर जिल्ह्यातील सार्वजनिक शाळांमधील समावेशन

नागपूर जिल्ह्यातील सार्वजनिक शाळांमधील समावेशन म्हणजे जात, धर्म, भाषा, लिंग, अपंगत्व, आर्थिक स्थिती किंवा स्थलांतर यांपैकी कोणत्याही कारणाने कोणतेही मूल शाळेबाहेर वा शाळेतच बाजूला पडू नये, यासाठी महाराष्ट्रातील नागपूर जिल्ह्यात झालेले कायदेशीर, प्रशासकीय व सामाजिक प्रयत्न होत. जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील सार्वजनिक शाळा प्रामुख्याने नागपूर जिल्हा परिषदेच्या, तर शहरातील शाळा नागपूर महानगरपालिकेच्या अखत्यारीत येतात. याखेरीज नगरपालिकांच्या शाळा, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आणि शासकीय अनुदानावर चालणाऱ्या खासगी संस्थांच्या शाळाही सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेचा भाग मानल्या जातात.

समावेशन ही संज्ञा पूर्वी मुख्यतः अपंग मुलांच्या शिक्षणासंदर्भात वापरली जात असे. पुढे तिचा अर्थ विस्तारला. मुलाने शाळेच्या साच्यात बसावे अशी अपेक्षा न ठेवता शाळेनेच मुलाच्या गरजेनुसार बदलावे, असा तिचा आजचा आशय आहे. प्रवेश देणे ही समावेशनाची पहिली पायरी होय. वर्गातील बैठक, माध्यान्ह भोजनाची पंगत, अध्यापनाची भाषा, परीक्षेतील सवलती आणि शाळेत साजरे होणारे दिवस या गोष्टीही तिच्या कक्षेत येतात.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा बख्त बुलंद शाह याने नागपूर शहराची स्थापना केली. पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले. इ.स. १८६१ मध्ये ब्रिटिशांनी मध्य प्रांताची रचना केल्यावर नागपूर त्या प्रांताचे मुख्यालय बनले आणि इ.स. १९५६ पर्यंत ते राजधानीचे शहर राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विदर्भातील मराठी भाषक जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचा भाग झाले.

हिंदी व मराठी भाषक प्रदेशांच्या सीमेवरील या शहरात दोन्ही भाषा दीर्घकाळ प्रशासनात व बाजारात नांदत आल्या आहेत. मोमिनपुरा व कामठी येथील उर्दू भाषक, फाळणीनंतर जरीपटका भागात वसलेले सिंधी कुटुंबीय, रेल्वे, गिरण्या व कोळसा खाणींच्या निमित्ताने आलेले तेलुगू, बंगाली व छत्तीसगढी भाषक, तसेच रामटेक व पारशिवनी तालुक्यांतील गोंड समाज यांमुळे जिल्ह्यातील शाळांमध्ये अनेक मातृभाषांची मुले एकत्र येतात. मराठी भाषक मुलांच्या घरची बोलीही पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठीपेक्षा वेगळी असते. पश्चिमेकडील तालुक्यांत वऱ्हाडीचा, तर पूर्वेकडे झाडीबोलीचा प्रभाव जाणवतो.

इतिहास

वसाहतकाल

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी इ.स. १८४० च्या दशकात नागपूर परिसरात आधुनिक शिक्षण देणाऱ्या शाळेचा पाया घातला. सरकारी व मिशन शाळांची संख्या पुढे वाढली, तरी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना शाळेचे दार सहज उघडत नव्हते. प्रवेश मिळाल्यास त्यांना वर्गाबाहेर वा वेगळे बसावे लागे आणि पिण्याच्या पाण्याला हात लावता येत नसे.

या परिस्थितीत दलित समाजातील कार्यकर्त्यांनी स्वतःच शाळा उभारण्याचा मार्ग पत्करला. नागपूर जिल्ह्यातील मोहपा येथे जन्मलेले किसन फागुजी बनसोडे यांनी इ.स. १९०७ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. त्यांच्या कार्याशी नाते सांगणाऱ्या जाईबाई चौधरी या कामठी स्थानकावर हमाली करीत असताना एका मिशनरी भगिनीच्या साहाय्याने शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्या अस्पृश्य असल्याचे कळताच सवर्ण पालकांनी आपली मुले शाळेतून काढण्यास सुरुवात केली आणि जाईबाईंना ती नोकरी गमवावी लागली. इ.स. १९२२ मध्ये त्यांनी नागपूरच्या नई बस्ती भागात मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाची शाळा सुरू केली. इ.स. १९३७ च्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनात जाईबाईंना भोजनाच्या वेळी वेगळे बसविण्यात आले. त्याचा नागपुरातील दलित महिलांनी जाहीर सभा घेऊन निषेध केला. मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या शिक्षिकेलाच पंगतीत स्थान नाकारले गेल्याने शिक्षण आणि सामाजिक समता यांतील अंतर या प्रसंगातून ठळकपणे पुढे आले.

जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षस्थानी होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला मार्गदर्शन केले. परिषदेच्या मागण्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आणि मुलींसाठी वसतिगृहांचा समावेश होता.

विद्यामंदिर योजनेचा वाद

इ.स. १९३७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर रविशंकर शुक्ल यांनी ग्रामीण शिक्षणाच्या प्रसारासाठी विद्यामंदिर योजना पुढे आणली. शाळा नसलेल्या खेड्यांत जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, अशी तिची कल्पना होती. शाळेला दिलेल्या ‘मंदिर’ या नावास मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली आणि उर्दू शिक्षणाच्या तरतुदीबद्दलही शंका उपस्थित केली. मुस्लिम लीगने नेमलेल्या पीरपूर समितीच्या इ.स. १९३८ च्या अहवालात या योजनेचा उल्लेख आला. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या शाळेचे नाव व भाषा सर्व समाजांना आपलीशी वाटावी की नाही, हा प्रश्न या वादामुळे प्रांताच्या राजकारणात आला.

स्वातंत्र्योत्तर काळ

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. धर्मांतरामुळे अनुसूचित जातींना मिळणाऱ्या शैक्षणिक सवलती बंद होण्याचा धोका निर्माण झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने नवबौद्धांना राज्यपातळीवर सवलती लागू केल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र इ.स. १९९० पर्यंत थांबावे लागले. दीक्षेनंतरच्या पिढ्यांमध्ये शिक्षणाचा झालेला प्रसार नागपूरच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाचा बदल मानला जातो.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे सोपविले गेले. नागपूर जिल्हा परिषदेच्या क्षेत्रात १३ पंचायत समित्या असून प्रत्येक ठिकाणी गटशिक्षणाधिकारी शाळांवर देखरेख ठेवतात. गट साधन केंद्र व त्याखालील केंद्रशाळा यांच्यामार्फत शिक्षकांना मार्गदर्शन केले जाते.

कायदेशीर चौकट

भारतीय संविधानाचे अनुच्छेद १५ व १७ भेदभाव व अस्पृश्यता यांना प्रतिबंध करतात. अनुच्छेद ३५०(क) नुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. इ.स. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१(क) समाविष्ट झाला आणि ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जन्माचा दाखला नसल्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही. शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात दाखल करून विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना कलम १७ अन्वये मनाई आहे. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होणार नाही याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरण या दोघांवर टाकण्यात आली आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास नजीकच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसंबंधी इ.स. २०१९ च्या अधिनियमानुसार शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांनी अशा विद्यार्थ्यांना भेदभावरहित शिक्षण व क्रीडा-मनोरंजनाच्या संधी देणे बंधनकारक आहे.

दिव्यांग विद्यार्थ्यांचे शिक्षण

केंद्र शासनाने इ.स. १९७४ मध्ये अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली. इ.स. १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याने सर्व मुलांना सामान्य शाळेत सामावून घेण्याचे तत्त्व जगभर पोहोचविले. सर्व शिक्षा अभियान आणि इ.स. २०१८ पासून समग्र शिक्षा या योजनांतून जिल्हास्तरावर ‘समावेशित शिक्षण’ हा उपक्रम राबविला जातो. राज्यात महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद त्याचे नियोजन करते.

कार्यपद्धती साधारणतः पुढीलप्रमाणे असते. वर्गशिक्षक व विशेष शिक्षक प्रथम मुलांची प्राथमिक तपासणी करतात. त्यानंतर तालुका पातळीवर वैद्यकीय निदान शिबिर घेतले जाते. आवश्यकतेनुसार श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची, कॅलिपर, ब्रेल साहित्य किंवा मोठ्या अक्षरांतील पाठ्यपुस्तके पुरविली जातात. कृत्रिम अवयव व साधनांसाठी अलिम्को या केंद्रीय उपक्रमाचे सहकार्य घेतले जाते. पात्र विद्यार्थ्यांना प्रवास भत्ता व मदतनीस भत्ता, तर मुलींना प्रोत्साहन भत्ता मिळतो. शाळेत येऊच न शकणाऱ्या तीव्र अपंगत्वाच्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाची सोय असून विशेष शिक्षक ठरावीक दिवशी त्यांच्या घरी जातात.

दहावी व बारावीच्या परीक्षांत राज्य मंडळ दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक, वाढीव वेळ व अपंगत्वाच्या प्रकारानुसार विषयांतील सवलती देते. नागपूर विभागीय मंडळाच्या कार्यक्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठीही हीच पद्धत आहे. या सवलतींसाठी शाळेने वेळेत प्रस्ताव पाठविणे आवश्यक असते. त्यामुळे निदान व प्रमाणपत्र उशिरा मिळाल्यास विद्यार्थी सवलतीला मुकण्याची शक्यता राहते.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निकालात प्राथमिक स्तरावर दर १० आणि त्यापुढील स्तरावर दर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण मान्य केले. महाराष्ट्रात अनेक वर्षे विशेष शिक्षक कंत्राटी पद्धतीने काम करीत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शासनाने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. तरीही एका केंद्रात अनेक शाळा असल्याने एका शिक्षकाला आठवड्यात एकापेक्षा अधिक गावे सांभाळावी लागतात.

संविधान ओळख उपक्रम

इ.स. २००५ मध्ये नागपूर जिल्हा परिषदेचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी ‘संविधान ओळख’ हा उपक्रम सुरू केला. जिल्हा परिषदेच्या शाळा व कार्यालयांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन आणि २६ नोव्हेंबर या दिवशी संविधान दिनाचे आयोजन हे त्याचे स्वरूप होते. न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही मूल्ये नागरिकशास्त्राच्या धड्यापुरती न राहता मुलांच्या रोजच्या परिपाठात यावीत, हा त्यामागील हेतू होता.

राज्य शासनाने पुढे इ.स. २००८ मध्ये राज्यभर संविधान दिन साजरा करण्याचा निर्णय घेतला. केंद्र शासनाने इ.स. २०१५ मध्ये, डॉ. आंबेडकर यांच्या १२५ व्या जयंती वर्षात, २६ नोव्हेंबर हा दिवस देशपातळीवर संविधान दिन म्हणून घोषित केला. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांच्या परिपाठात उद्देशिकेचे वाचन करण्याच्या सूचना देण्यात आल्या. एका जिल्हा परिषदेने आरंभलेला उपक्रम दहा वर्षांनी देशभर साजरा होणाऱ्या दिवसाच्या रूपाने पुढे आला, म्हणून नागपूरच्या शैक्षणिक इतिहासात त्याला विशेष स्थान आहे. केवळ सामूहिक वाचनाने शाळेतील वर्तन बदलत नाही, असा आक्षेपही घेतला जातो. त्यामुळे काही शिक्षक उद्देशिकेतील शब्दांवर चर्चा, पथनाट्य व बालसभा यांची जोड देतात.

भाषा व बोली

‘बालभारती’ मराठीसह हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, कन्नड, सिंधी व तेलुगू या भाषांतून पाठ्यपुस्तके प्रकाशित करते. नागपूर महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवते. गोंडी भाषेला मात्र पाठ्यपुस्तकांच्या व्यवस्थेत असे स्थान नाही. घरी गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा त्याला अक्षरओळख आणि नवी भाषा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने इ.स. २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शासकीय मान्यता नसल्याच्या कारणावरून तिला शिक्षण विभागाची नोटीस आली आणि मातृभाषेतून शिक्षणाच्या हक्काचा प्रश्न चर्चेत आला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा वा घरच्या भाषेतून अध्यापनाची शिफारस आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा लागू करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यास राज्यभर विरोध झाल्यानंतर २९ जून २०२५ रोजी शासनाने संबंधित निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हिंदी भाषक लोकसंख्या मोठी असलेल्या नागपुरात तिसऱ्या भाषेच्या सक्तीचा आणि लहान वयात मुलांवर पडणाऱ्या भाषांच्या भाराचा असे दोन स्वतंत्र प्रश्न यात गुंतलेले आहेत.

भोजन, सण व दिनविशेष

सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर प्राथमिक शाळांत शिजवलेले भोजन देणे बंधनकारक झाले. एप्रिल २००४ मधील आदेशात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना प्राधान्य देण्यास सांगण्यात आले. सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीत, कोणत्याही जातीच्या हातचे अन्न खावे, हा या योजनेचा पोषणाइतकाच महत्त्वाचा सामाजिक परिणाम अपेक्षित आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठवड्यातून एकदा अंडी आणि अंडी न खाणाऱ्या मुलांना केळी वा अन्य फळ देण्याचा निर्णय घेतला. आहारातील विविधता मान्य करणाऱ्या या तरतुदीसाठीचा राज्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबविण्यात आला.

जिल्ह्यातील शाळांमध्ये ३ जानेवारी (सावित्रीबाई फुले जयंती), १४ एप्रिल (डॉ. आंबेडकर जयंती), ७ नोव्हेंबर (विद्यार्थी दिवस), १५ नोव्हेंबर (बिरसा मुंडा जयंती) व ३ डिसेंबर (जागतिक दिव्यांग दिन) हे दिवस पाळले जातात. विद्यार्थी दिवस हा डॉ. आंबेडकर यांच्या ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील शाळेत झालेल्या प्रवेशाच्या स्मरणार्थ इ.स. २०१७ पासून राज्यात साजरा होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा तान्हा पोळा हा नागपूर परिसराचा वैशिष्ट्यपूर्ण बालसण असून अनेक शाळांत मुले लाकडी नंदीबैल सजवून आणतात. ताजबाग येथील उरूस व दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन यांचाही शहराच्या जीवनावर मोठा प्रभाव आहे. दिनविशेषांची निवड हा समावेशनाचाच भाग मानला जातो. ज्या समाजाचा एकही सण वा व्यक्तिमत्त्व शाळेच्या फलकावर येत नाही, त्या समाजातील मुलाला शाळा परकी वाटण्याचा संभव असतो.

स्थलांतरित मुले

वीटभट्ट्या, बांधकामे व खाणी यांवर काम करण्यासाठी छत्तीसगड, मध्य प्रदेश व विदर्भाच्या इतर भागांतून मजूर कुटुंबे नागपूर परिसरात येतात. हंगाम संपताच ती परत जातात, त्यामुळे मुलांचे शिक्षण वर्षाच्या मध्येच खंडित होते. स्थलांतराच्या वेळी मुलाला ‘शिक्षण हमी कार्ड’ देऊन नव्या ठिकाणच्या शाळेत प्रवेश सुकर करण्याची, तसेच मुलांनी गावीच राहून शिकावे यासाठी हंगामी वसतिगृहांची पद्धत राज्यात अवलंबिली आहे. या उपायांचे यश मुख्यतः मुलाची नोंद दोन्ही ठिकाणी वेळेत होण्यावर अवलंबून असते.

विमुक्त जमातींच्या मुलांपुढे स्थलांतराबरोबरच जुन्या कलंकाचाही अडथळा असतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी मंगरूळ चव्हाळा येथे सुरू केलेली ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा या संदर्भात नेहमी उल्लेखिली जाते. या शाळेच्या काही वास्तू इ.स. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात पाडल्या गेल्या.

वादाचे मुद्दे

पंचवीस टक्के प्रवेश

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना द्याव्या लागतात. इ.स. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांना ही तरतूद लागू नाही. प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात आणि शुल्काची प्रतिपूर्ती शासन करते. ही रक्कम थकीत राहते, अशी शाळाचालकांची तक्रार असते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियमांत बदल करून एक किलोमीटर परिसरात शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या अटीतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द ठरविली. नागपूरसारख्या दाट वस्तीच्या शहरात बहुतेक खासगी शाळांच्या जवळ एखादी शासकीय वा अनुदानित शाळा असतेच; दुरुस्ती कायम राहिली असती तर गरीब व सधन घरांतील मुले एका वर्गात बसण्याची शक्यता बरीच घटली असती.

घटती पटसंख्या

महानगरपालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांतून पालक मुलांना खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत नेत असल्याने सार्वजनिक शाळांचा पट घटत आहे. परिणामी या शाळांत प्रामुख्याने गरीब, दलित, आदिवासी व मुस्लिम कुटुंबांतील मुले उरतात आणि शाळा सर्वांसाठी खुली असूनही वर्गातील सामाजिक वैविध्य कमी होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शेजारशाळेवर आधारित समान शालेय पद्धतीची शिफारस याच कारणासाठी केली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा उभारण्याचा विचार मांडला. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक व सुविधा मिळतील, असे त्याचे समर्थन केले गेले. तर गावातील शाळा दूर गेल्यास मुली व दिव्यांग मुले यांचीच गळती प्रथम होईल, असा विरोधकांचा मुद्दा आहे.

हे सुद्धा पहा

शिक्षण हक्क कायदा
जाईबाई चौधरी
किसन फागुजी बनसोडे
संविधान दिन
दीक्षाभूमी
नागपूर जिल्हा परिषद